नकाशातली निळी रेघ

परवा भाजी आणायला खाली उतरले तर कोपऱ्यावरच्या गाडीवर शिंगाडे आलेले. काळेभोर, उकडलेले, ओल्या गोणपाटाखाली झाकलेले. "शिंगोडां, बेन, गरम शिंगोडां!" गाडीवाला हाका मारत होता. सुरतेत येऊन मला अकरा वर्षं झाली. दर वर्षी दिवाळी सरली की हे असे न सांगता येतात, आणि दर वर्षी मी आधी चार पावलं लांबच उभी राहते. उकडलेल्या शिंगाड्याला वरून गोडसर वास असतो आणि त्याच्या खाली गाळाचा. गोड वास सगळ्यांना येतो. गाळाचा ज्याने गाळात पाय घातलेत त्यालाच येत असावा. माझ्या मुलीला येत नाही. ती म्हणते, "मम्मी, तुला उगाच वाटतं."

उगाच वाटणं हा माझा जुनाच रोग आहे. गॅस बंद केला का ते दोनदा बघते, कुलूप ओढून बघते, आणि कुठल्याही कागदावर सही करायची म्हटली की हाताला घाम येतो. या शेवटच्या गोष्टीला मात्र कारण आहे, आणि ते शिंगाड्यांच्याच एका हंगामातलं आहे.

आमचं घर अमरावतीतल्या एका तलावाला लागून. त्याचं नाव सांगत नाही; सांगितलं की लोक लगेच मोबाइलमधला त्याचा फोटो दाखवतात, दिव्यांचा, कारंज्याचा, आणि मग मला पुढचं बोलता येत नाही. मागचं दार उघडलं की वीस पावलांवर पाणी. बाबा आणि त्यांच्या आधी त्यांचे बाबा या पाण्यात शिंगाडे लावत आले. आषाढात वेलाची रोपं घेऊन छातीभर पाण्यात उतरायचं आणि पायाच्या अंगठ्याने एकेक रोप गाळात दाबायचं. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं अंगठ्याला कळावं लागतं. बाबांचा उजवा अंगठा त्यामुळे बाहेरच्या बाजूला वळलेला होता. चपलेत मावायचा नाही. माय म्हणायची, "याह्यच्या अंगठ्याले डोळा हाये, डोक्याले नाई."

नवरात्रापासून तोडणी. दोन पिंपं दोराने बांधून वर फळी टाकलेली, त्या डोंग्यावर पालथं पडून वेल उलटा करायचा आणि पानांखालचे शिंगाडे तोडायचे. हिरवे, काही लालसर, दोन्ही बाजूंना काटे. पहाटे पाण्यावरून वाफ निघत असते, आणि डोंगा पुढे सरकला की पानं फाटल्यासारखी बाजूला होतात आणि मागे पुन्हा जुळतात. हा आवाज मी कुठेच दुसरीकडे ऐकला नाही. रेशमी साडीची घडी मोडताना थोडासा तसा येतो. इथे मी साड्यांना लेस लावायचं काम घरी आणते, तेव्हा कधी कधी हात थांबतो तो त्यामुळे.

तोडणी आणि सहामाही परीक्षा नेमकी एकाच वेळी यायची. मराठीच्या बाई म्हणायच्या, "निबंध तुझा, हजेरी कोणाची?" नववीच्या सहामाहीला मी दोन पेपर बुडवले, आणि दिवाळीनंतर शाळेत गेलेच नाही. कोणी ओढून बसवलं नव्हतं. मायला त्या वर्षी पाठीचं दुखणं होतं आणि डोंग्यावर दुसरं माणूस लागत होतं, एवढंच. बाईंनी घरी निरोप पाठवला, दोनदा. तिसऱ्यांदा स्वतः आल्या आणि वाचनालयातली चार पुस्तकं ठेवून गेल्या. ती मी वेळेवर परत केली. त्यांचे उपकार आहेत म्हणून हे चार शब्द लिहिता येतात. पण त्याच उपकारांमुळे घरात मी "शिकलेली" ठरले. आलेला प्रत्येक कागद माझ्यापुढे यायचा.

आता जे सांगायचं आहे ते समजायला आमच्या तलावाची एक खोड माहीत हवी. तो एका जागी राहत नाही. नवरात्रात तो थेट मागच्या कडुलिंबापर्यंत येतो. तेव्हा आम्ही लिंबाच्या मुळांवरून उतरतो. दिवाळीला तो खाली सरकून सपाट दगडापाशी गेलेला असतो, जिथे पूर्वी धोबी कपडे आपटायचे. मार्गशीर्षात अजून खाली, म्हशी बसायच्या त्या खोलगटापाशी. आणि वैशाखात तर मधलं एक डबकं उरतं, बाकी भेगाळलेला गाळ. पाणी हटेल तसे आम्ही त्याच्या मागे जायचो. लिंबाचा उतार, दगडाचा उतार, म्हशीचा उतार. "कुठून उतरता?" असं आम्हाला कोणी विचारलं तर आम्ही आधी विचारणार, "कोणत्या महिन्यात?"

आणि एका वैशाखात ते विचारायला माणूस आला.

तलावाचं सुशोभीकरण होणार होतं. डोक्याला रुमाल बांधलेले तरुण इंजिनिअर साहेब गुंडाळलेला नकाशा घेऊन आमच्या मागच्या दारी आले. वागायला फार चांगले. मायने दिलेलं पाणी उभ्याने न पिता खाली बसून प्यायले. त्यांच्याकडे छापील फॉर्म होता. तलावावर पोट असणाऱ्यांनी भरायचा. त्यात एक प्रश्न: पाण्यात उतरण्याची आपली जागा नकाशावर खूण करून दाखवा.

मी नकाशा उलगडला. त्यात एकच निळी रेघ होती. भरलेल्या तलावाची, लिंबाला टेकलेली. साहेब त्या रेघेवरच उभे होते आणि पाणी तिथून दोनशे पावलं खाली होतं. मी पेन्सिल धरून बसले. लिंबापाशी खूण करावी तर ती महिनाभराचीच खरी. दगडापाशी करावी तर तो निळ्या रंगाच्या आत, म्हणजे पाण्यात. आणि फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं: दिलेली माहिती खोटी आढळल्यास कारवाईस पात्र राहीन.

"मार ना खून, कुठी बी मार," बाबा म्हणाले.

"कुठी बी कशी मारू? खोटं होईन ना ते."

"अवं, त्याले समजते थोडंसं."

"त्याईले नाई समजत म्हनून तर इचारून राह्यले, बाबा."

साहेब हसले. म्हणाले, "ताई, नसेल निश्चित जागा तर कोरं सोडा, काही बिघडत नाही." माझा जीव भांड्यात पडला. मी ती चौकट कोरी सोडली आणि खाली बाबांचा अंगठा घेतला. पायाचा नव्हे, हाताचा. आमच्या तलावात अंगठ्याने लावलेलं नेहमी उगवायचं. हा एक ठसा तेवढा उगवला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रेलिंग आलं. पुरुषभर उंच, वर भाल्यासारखी टोकं. सगळीकडून सलग. गेट एकच, पलीकडच्या रस्त्याच्या बाजूला, आणि गेटावर पाटी: सकाळी सहा ते नऊ, दुपारी चार ते आठ. आमच्या मागच्या दारासमोर गेट नव्हतं, कारण नकाशात आमच्या मागच्या दारासमोर काही नव्हतं. कोरं होतं.

त्या वर्षीचा हंगाम मला दिवसादिवसाने आठवतो. डोंगा आत होता, आम्ही बाहेर. पहिल्या दिवशी तिघंही अर्ध्या तलावाला वळसा घालून गेटावर गेलो. तिथे रज्जाकचाचा होते. आधी सायकलरिक्षा चालवायचे, माझ्या आजीला दवाखान्यात नेलेलं त्यांनी. अंगावर नवीन निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. बाबांना बघून ते खुर्चीवरून उठलेच.

"रज्जाकभाई, तुमी त साहेब झाले," बाबा म्हणाले.

"कायचा साहेब! शिट्टी देल्ली हाये, वाजवू कोनासाठी? तुमच्यासाठी?" मग माझ्याकडे वळून, "बेटी, सहा बजे के पहले खोलना मना है."

"मंग आमी काय करू, चाचा? ऊन चढलं की शिंगाडा सुकून बसते."

चाचांनी इकडेतिकडे पाहिलं. कडी काढली. "सकाळी सकाळी गेटाले तेल द्या लागते. नाई त गंजते. मी तेल देऊन राह्यलो, कोन आत गेलं मले काय मालूम!"

त्या दिवसापासून त्या गेटाला रोज पाच वाजता तेल मिळालं. इतकं की महिन्याभरात ते बोटाने ढकललं तरी उघडायचं.

आत शिरणं असं जमलं. बाहेर येणं अवघड. तोडणी संपायला दहा-साडेदहा व्हायचे आणि नऊला गेट बंद. त्या वेळेला चाचांच्या वरचा माणूस हजेरी घ्यायला येई. म्हणजे चारपर्यंत आत. माय पहिल्यांदा अशी अडकली तेव्हा मी रेलिंगच्या बाहेरून रडायला लागले. ती आतून म्हणाली, "रडते काहून? पाय ना, कसा मस्त बाक हाये. माह्या बापानं नाई बसवलं मले अशा बाकावर." आणि खरंच, दगडी बाकावर मांडी घालून तिने भाकरी सोडली. समोर नवीन लावलेली फुलझाडं, मागे कारंजं. "नुसतं कोनी फोटो काढाले पायजे," म्हणाली.

पण शिंगाडे चारपर्यंत थांबत नाहीत, बाजार थांबत नाही. मग बाबांनीच शोधून काढलं. माणूस गजांतून जात नाही, शिंगाडा जातो. ते आत, आमच्या दारासमोर. मी बाहेर, टोपली धरून. मूठ मूठ करून त्यांनी अख्खं पोतं गजांमधून बाहेर दिलं. काटे गजाला लागायचे, टक टक वाजायचं. एक मूठ, दुसरी मूठ. तासभर. पहिली टोपली नऊच्या आत निघायची तेव्हा सकाळी फिरायला आलेली माणसं थांबून बघायची, कोणी म्हणे, "पाखरांना दाणे घालताहेत जणू." एका आजींनी आतूनच अर्धा किलो घेतले. बाबा तेव्हा हसत होते. हसत होते आणि मी प्रत्येक मुठीला ती कोरी चौकट बघत होते. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. मायही नाही. कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं.

मला त्या रेलिंगचा राग आहे असं नाही. खरं सांगते. त्याआधी त्या काठावर सांजच्याला बाईमाणसाला जाता येत नव्हतं. बाटल्या, कचरा, नको ती माणसं. आता मुली अभ्यासाची पुस्तकं घेऊन बसतात. मायला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं, ती त्याच नव्या फरशीवरून चालते, आणि चालताना तोडणीच्या दिवसांत बाबांनी टाकलेला गाळ स्वतःच झाडते, कोणी बोलायच्या आत. पाणीही पूर्वीपेक्षा निर्मळ. ज्याने हे केलं त्याने वाईट मनाने केलं नाही. त्याने विचारलं होतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी इकडे आले. बडनेऱ्याहून गाडी सुटते, मूर्तिजापूर जातं, अकोला जातं, मग झोप लागते आणि उठलं की सगळ्या पाट्या वेगळ्या लिपीत. पहिल्या वर्षी मी घराबाहेर पडायलाही घाबरायचे. शेजारच्या बाईंनी हाताला धरून बाजार दाखवला, लेसचं काम मिळवून दिलं. अशी माणसं मला जागोजागी भेटली. मीच त्यांच्यापुढे उगाच अंग चोरून उभी राहते.

रविवारी आम्ही तापीकाठी बसायला जातो. पायऱ्या आहेत, वारा असतो. दर वेळी मी तिथल्या वॉचमनला विचारते, "भाई, बसू का?" माझे मिस्टर चिडतात, "सगळं गाव बसलंय, तूच काय विचारतेस?" खरं आहे. पाण्याजवळ बसायला विचारावं लागतं, हे माझ्या अंगात कधी शिरलं मला माहीत आहे. लहानपणी मागचं दार उघडलं की पाणी होतं, आणि दाराला कडी होती ती फक्त कुत्र्यांसाठी.

भूगोल नववीपर्यंतच झाला, पण एवढं येतं: आमचा तलाव भरून सांडला की ते पाणी नाल्यातून पेढी नदीला जातं, पेढी पूर्णेला, पूर्णा तापीला. म्हणजे लिंबाच्या मुळांना लागून गेलेलं पाणी कधीतरी या पायऱ्यांवरून जात असणार. त्याला कुठे सहा ते नऊ नाही.

दिवाळीनंतर मायचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मोठा.

"पोरी, तलावाले दुसरी पाटी लागली. आपल्या बाजूनं रेलिंग काहाडून भिंत बांधनार हायेत. दगडाची. तिच्यावर चित्रं काहाडनार म्हने."

"कायची चित्रं?"

"काय मालूम. शिंगाड्याचीच काहाडतीन. खरे त दिसनार नाई मंग." ती हसली, मग हसायची थांबली. "अन् रज्जाकभाई या महिन्यात घरी बसून राह्यले. गेटाले मशीन येते. मशीन तेल मागत नाई."

"बाबा काय म्हनतात?"

"गुडघे धरून बसले. म्हनले, गजातून देल्ले इतके वर्सं, भिंतीतून कसे देऊ? बस झालं आता. यंदा बेनं धरत नाई म्हनले."

माझ्या हातातली सुई बोटात गेली. बेणं धरत नाही म्हणजे काय ते मला दुसऱ्या कोणी समजवायची गरज नव्हती. हंगामाच्या शेवटी चांगले पिकलेले, जड शिंगाडे निवडून पाणी भरलेल्या टिनाच्या डब्यात ठेवतात. तेच पुढे कोंब धरतात, त्यांचीच रोपं आषाढात गाळात जातात. हे बियाणं वाळलं की मेलं. दुकानात मिळत नाही. एक वर्ष खंड पडला की आजोबांपासूनचा वेल संपला.

"पाटीवर आजून काय लिवलं, माय? नीट वाचाले लाव कोनाले."

"सूचना देनं असन त द्या म्हने, पंधरा दिसात. म्हनून त तुले फोन लावला. तूच लिह्य."

"मी? मीच त मांगच्या वेळी..."

"मालूम हाये मले," माय म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "म्हनून त तूच लिह्य म्हनतो मी."

त्या आठवड्यात मी लेसचं काम बाजूला ठेवलं. मुलीच्या वहीतला मधला जोड कागद काढला आणि तलाव काढला. आधी निळी रेघ, लिंबापाशी. तिच्याजवळ लिहिलं: नवरात्र. तिच्या आत दुसरी रेघ, दगडापाशी: दिवाळी. तिच्या आत तिसरी: मार्गशीर्ष. मग आषाढातली, रोपं लावतानाची. मुलगी वाकून बघत होती. "मम्मी, हे कांद्यासारखं काय काढलंस?" प्रत्येक रेघेवर एक फुली मारली, आणि खाली लिहिलं की आमची उतरायची जागा ही आहे, आणि ही, आणि ही, मागच्या वेळी मी एकही दाखवली नाही, ती चूक माझी, माझ्या वडिलांची नाही. कितीदा फाडलं त्याची गणती नाही. घामेजलेला हात पदराला पुसला आणि सही केली. फोटो काढून रज्जाकचाचांच्या नातवाला पाठवला. चाचांनी छापून घेतला आणि स्वतः कचेरीत नेऊन दिला. वरून फोनवर म्हणाले, "बेटी, शिक्का मारून घेतला मैंने. शिक्क्याबिगर उठलोच नाई तिथून."

दहाव्या दिवशी अनोळखी नंबर. मी घाबरून दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला. तेच साहेब होते. आवाज थोडा जाड झालेला.

"ताई, तुमचा नकाशा समोर आहे माझ्या. पण एवढ्या फुल्यांना एवढी गेटं कशी देऊ मी?"

हे मी लेस लावता लावता रात्रंदिवस मनात बोलून ठेवलं होतं. "साहेब, गेट एकच द्या. लिंबापाशी. पण आतून उतार लांब ठेवा, पार म्हशीच्या खोलगटापर्यंत. पाणी कुठंही गेलं तरी उतार त्याच्याखाली असेल."

पलीकडे बराच वेळ कागदाचा आवाज येत होता.

"हे तेव्हा का नाही लिहिलंत?"

"तेव्हा नकाशात एकच रेघ होती, साहेब. मला वाटलं, तेवढंच विचारायचंय."

"मीही कोरं सोडा म्हणालो होतो," ते म्हणाले. आणि पुढे, "शब्द देत नाही, ताई. वर बरेच जण आहेत. पण हा उतार मी आराखड्यात काढून पाठवतो. यावेळी कोरं जाणार नाही." मी त्यांचे तीनदा आभार मानले. फोन ठेवल्यावर आठवलं की पाणी तरी प्यायलात का, एवढं विचारायचं राहून गेलं.

अजून काही कळलेलं नाही. पाटी आहे तिथेच आहे, भिंतीच्या खुणांचा चुना पडलाय म्हणे. मी कॅलेंडर बघते, कुलूप ओढून बघते. परवा गाडीवरून पाव किलो शिंगाडे घेतले, गरम पिशवी छातीशी धरून जिना चढत होते तेवढ्यात मायचा फोन.

"बाबा मोरीत बसून राह्यले सकायपासून," ती म्हणाली. "टिनाचा डबा घासून राह्यले."

"कोनता डबा?"

"तोच. बेन्याचा."

मी जिन्यातच बसले. "किती धरलं?"

माय आत ओरडली, "अवो, पोट्टी इचारून राह्यली, किती धरलं?" लांबून बाबांचा आवाज आला, पाण्यात हात असतानाचा, खोल.

"सांग तिले," ते म्हणाले, "दर सालाइतकं."